सोमवारच्या बाई

सोमवारच्या बाईंनी मला कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला बाबारावकाकांच्या किराणा दुकानातला फोन वाजायचा, मी धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावायची आणि पलीकडून थेट विचारणा व्हायची, “पाठ पाह्यली काय?” आवाज घोगरा, खणखणीत, आणि तोंडात घास. यवतमाळच्या त्या दवाखान्यात वॉर्डातला फोन फक्त डॉक्टरांच्या जेवणाच्या सुटीत मोकळा असे. त्यामुळे बाई आपला डबा फोनशेजारीच उघडून बसत. एक घास, एक प्रश्न. डब्यात भाकर आहे की पोळी हे मला पुढे पुढे त्यांच्या चावण्यावरून कळू लागलं. ठेचा असला की प्रश्न विचारता विचारता त्या सुस्कारे टाकत आणि मी पलीकडे हसू दाबत असे. त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही आमच्या घरात नव्हतं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रासमोरची रांग पुढे सरकत नसे. माणसं रांगेतच जेवत, रांगेतच झोपत. आमचे हे, म्हणजे विलास, आमच्या ट्रॉलीसोबत दारव्ह्याला गेले होते. रांग कुठे अडली ते पाहायला म्हणून ट्रॉलीवरच्या कापसाच्या ढिगावर चढले. नेमकी पुढची गाडी हलली, आमच्या ट्रॅक्टरवाल्यानंही गाडी पुढे घेतली, आणि त्या हिसक्यानं हे पाठीवर रस्त्यात पडले. कपड्यांना कापूस चिकटलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण मणका गेला. छातीखालचं अंग त्या क्षणापासून त्यांचं राहिलं नाही.

पुष्कळ दिवसांनी दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, “खरी काळजी आता आहे. घरी गेल्यावर पाठीला जखमा होतात, लघवीसाठी लावलेल्या नळीमुळे जंतू होतात, आणि अंगाला कळत नसल्यानं माणसाला काही समजत नाही. आमच्याकडे येतात तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आमच्या एक सिस्टर दर सोमवारी तुम्हाला फोन करतील. त्या विचारतील ते खरं खरं सांगायचं.” त्या सिस्टर आम्ही दवाखान्यात होतो तेवढे सगळे दिवस रजेवर होत्या. त्यामुळे मी त्यांना पाहिलेलंच नव्हतं. दवाखान्यात त्यांचं नाव काय होतं कोण जाणे. आमच्या गावात त्या सोमवारच्या बाईच झाल्या.

पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, “कसे आहेत भाऊ?” मी रीतीप्रमाणे म्हटलं, “बरे आहेत.”

“बरे आहेत हे उत्तर मी लिहीत नाही,” बाई म्हणाल्या. “मले बरं वाटावं म्हणून सांगू नको. ताप आहे काय? लघवी कशी आहे? ढुंगणावर, टाचेवर, माकडहाडावर कुठी लाल झालं काय?”

“नाही वाटत.”

“वाटत नाही म्हणजे? हात लावून पाह्यलं काय? डोळ्यानं लाल दिसाच्या आधी हाताले गरम लागते. तळहातानं नाही, हाताच्या उलट्या बाजूनं पाह्य. जाय, घरी जा, पाहून ये. मी तोपर्यंत जेवते.”

मी गेले. घर दुकानापासून दोन घरं सोडून होतं. माकडहाडाजवळ रुपयाएवढी जागा कोमट लागली. हाताच्या उलट्या बाजूनं पाहिलं नसतं तर ती मला आठ दिवस कळली नसती. परत येऊन सांगितलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “त्या जाग्यावर चार दिवस भार द्यायचा नाही. रात्रीसुद्धा कूस बदलवजो. झोपमोड होईन. होऊ दे.”

त्यांचं सगळंच असं उघडं बोलणं आणि आमचा फोन मात्र भर दुकानात. तेलाच्या पिंपाजवळ सकाळ-दुपार गावातली म्हातारी माणसं बसलेली असत. फोनवर लघवी, शौच हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. नवऱ्याच्या अंगाची गोष्ट मी त्या माणसांदेखत कशी बोलणार? बाईंनी माझी अडचण ओळखली. म्हणाल्या, “ठीक आहे. आपण शेतीचं बोलू. लघवी म्हणजे विहिरीचं पाणी. शौच म्हणजे खत. अन् अंगावर लाल झालं तं लाल्या.” त्या वर्षी गावोगावच्या कपाशीवर लाल्या पडला होता, पानं लाल होऊन गळत होती. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

मग सोमवारी दुपारी दुकानात माझं चालू असे, “विहिरीचं पाणी थोडं गढूळ आहे, बाई. लाल्या नाही. खत कालपासून नाही टाकलं.” पिंपाजवळची मंडळी कान देऊन ऐकत. एकदा नामदेवबुवा म्हणून आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. “सुनबाई, कृषी खात्याच्या बाई आहेत काय वो? मले दे बरं. माया पाच एकरावर लाल्या आला.” मी घाबरून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. बुवांनी सगळी व्यथा सांगितली. पलीकडून बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण बुवा गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते. नंतर कळलं, बाईंनी त्यांना ताप येतो का, खोकला किती दिवसांचा, हे विचारून तपासणीला यवतमाळला यायला सांगितलं होतं. बुवा खोकतच बोलत होते ना! बुवा गेले, त्यांना क्षयाची औषधं सुरू झाली, आणि ते बरे झाले. शेवटपर्यंत ते सांगत, “कृषी खात्याची बाई लय हुशार. फोनवर कापसाचं सोडून मायंच पाह्यलं.”

सगळे प्रश्न संपले की बाई थोडं थांबत. डबा बंद केल्याचा आवाज येई. मग म्हणत, “आता तुयं सांग.”

पहिल्यांदा मला कळलंच नाही. “माझं काय?”

“तू जेवली काय? झोपली काय? त्यायले उचलून उचलून कंबर दुखत असंन. पाळी वेळेवर येते काय?”

अपघात झाल्यापासून जो तो यांची चौकशी करून जात होता. माझी आई आली तीही यांच्या पायाशी बसून रडून गेली. मी जेवले का हे कुणी विचारलं नव्हतं. मी रिसीव्हर धरून पिंपाकडे पाठ केली आणि पदर तोंडाला लावला. बाईंनी पलीकडे फोन ठेवला नाही. काही वेळानं म्हणाल्या, “रड. सुटी संपाले अजून येळ आहे.”

एक प्रश्न मात्र त्या दर सोमवारी विचारत तो मला निरर्थक वाटे. “डोकं दुखते काय? एकदम घाम, तोंड लाल?” मला वाटे, मार पाठीला, आणि ह्या डोक्याचं काय विचारतात! मी नाही म्हणून टाकत असे. पण त्या प्रत्येक वेळी पुढचं वाक्य जोडतच. “तसं झालं तं झोपवू नको. बसवजो.”

उन्हाळ्यात एका दुपारी मी भांडी घासत होते. आतून यांचा आवाज आला, “सुनंदा, मायं डोस्कं फुटून राह्यलं.” जाऊन पाहते तर चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा, डोळे तारवटलेले. छातीच्या खाली अंग मात्र कोरडं, थंड. सासूबाई म्हणाल्या, “उन्ह लागलं वो त्याले! निजव, निजव. कांदा आण.” त्यांनी यांना आडवं केलं, ओला कपडा डोक्यावर ठेवला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे हेच करतात. मीही कांदा घ्यायला वळले होते. तेवढ्यात ते वाक्य आठवलं. झोपवू नको.

मी तशीच अनवाणी दुकानात धावले. सोमवार नव्हता. फोन कुणी उचलेल की नाही याची खात्री नव्हती. वॉर्डातल्या कुणीतरी उचलला, आणि मी ‘सोमवारच्या बाई’ एवढंच ओरडले. त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण कुणाला बोलवायचं ते त्यांना समजलं. बाई आल्या. मी सांगितलं.

“झोपवलं काय?”

“हो, सासूबाईंनी…”

“उठव! आत्ताच्या आत्ता बसव. पाय खाटेखाली सोड. कपडे ढिले कर. मंग लघवीची नळी पाह्य, कुठी दबली, वाकली काय. पळ. फोन ठेवू नको, मी धरून राह्यते.”

मी धावले. सासूबाईंना बाजूला केलं, त्यांनी मला काहीबाही म्हटलं, ते मी ऐकलं नाही. काखेत हात घालून यांना बसवलं, पाय खाली सोडले. धोतर सैल केलं. नळी मांडीखाली सापडून पार चपटी झाली होती. ती सोडवताच पिशवीत भसाभसा लघवी उतरू लागली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आधी कपाळाचा रंग उतरला, मग गालांचा. हे हळूच म्हणाले, “उतरून राह्यलं.”

परत दुकानात गेले तेव्हा बाबारावकाका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. बाई त्यांना दर थोड्या वेळानं विचारत होत्या, “आली काय ते?” मी नळीचं सांगितलं. पलीकडे बाई खुर्चीवर बसल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “लघवी तुंबली का अशा माणसाचा रक्तदाब चढते. मेंदूत नस फुटली असती, पोरी. आता जीप करा अन् घेऊन या. बसवूनच आणजो.”

त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या आवाजाची बाई उंच, धिप्पाड असणार असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या फाटकाशी एक ठेंगणी, सावळी, जाड चष्म्याची बाई उभी होती. पांढऱ्या साडीवर राखाडी स्वेटर. भर उन्हाळ्यात स्वेटर! जीप थांबताच त्यांनी ओळख ना पाळख, सरळ आत चढून यांच्या पाठीखाली हात घातला. हाताची उलटी बाजू लावून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाठ चांगली ठेवली वो तू.” मला शाळेतही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

यांच्याशी मात्र बाई त्या मुक्कामात भांडल्या. घरी आल्यापासून हे कुणाशी बोलत नव्हते. दाराकडे पाठ करून पडत. चाकाची खुर्ची मिळाली होती ती कोपऱ्यात, तिच्यावर गोधड्या ठेवलेल्या. बाई दवाखान्यातल्या खाटेशी उभ्या राहिल्या.

“विलासभाऊ, पुढच्या सोमवारपासून फोनवर तुमी यायचं.”

“मी कसा येऊ?” हे म्हणाले. “पाय हायेत काय मले?”

“कसे याल ते मले नका इचारू. पाठ तुमची, नळी तुमची. तिनं कायले सांगाचं?”

“तिले सांगता येते, मंग मले काहून तरास?”

“तिले मी एकच विचारीन, ताप आहे काय. अन् फोन ठेवून देईन.”

आणि बाईंनी तसंच केलं. आम्ही घरी आलो. सोमवारी फोन आला. “ताप?” “नाही.” “भाऊ कुठी?” “घरी.” फोन बंद. पुढच्या सोमवारी तेच. मला वाईट वाटलं, कारण आता माझंही कुणी विचारत नव्हतं. घरी येऊन मी यांना काही बोलले नाही. पण माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी ते म्हणाले, “त्या गोधड्या काढ.”

आमच्या गल्लीत दगड वर आलेले. दोन घरांचं अंतर, पण खुर्ची कधी इकडे कलायची, कधी तिकडे. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. नामदेवबुवा मागून ढकलायला आले. हे खाली मान घालून बसले होते. खुर्चीत बसून गावात यायची ती पहिली वेळ. फोन वाजला. बाबारावकाकांनी रिसीव्हर यांच्या हातात दिला.

यांनी तो कानाला घट्ट लावला. नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, “हो. पाह्यली. आरशानं पाह्यली.” आणखी काही ऐकलं. मी यांच्या कानात पुटपुटले, “विहिरीचं पाणी म्हणायचं.” यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंपाजवळच्या माणसांकडे पाहिलं आणि मोठ्या आवाजात म्हणाले, “लघवी गढूळ आहे, बाई. कालपासून. वासही येऊन राह्यला.”

दुकानात कुणी हसलं नाही. बाबारावकाकांनी तराजूत साखर टाकली. सगळं जसंच्या तसं चालू राहिलं. त्या दिवशी मला कळलं, त्या म्हाताऱ्यांना, यवतमाळहून आल्यापासून नामदेवबुवांनाही, सगळं समजत होतं. आमची लाज ते सांभाळून होते. हे पुढे बोलत होते, “पाणी जास्त पीन. हो. … तुमी काय जेवून राह्यल्या?” आणि पलीकडून बाईंचं हसणं इतक्या जोरात आलं की ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानंतरची कितीतरी वर्षं सोमवार यांचा होता. माझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं. गावात बिनतारी फोन आले, मग मोबाईल आले. बाबारावकाकांचा फोन धूळ खात पडला. यांनी घराच्या ओट्यावर कापसाच्या गाद्या-उशा भरायचं काम सुरू केलं. आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली. सोमवारी दुपारी मात्र गिऱ्हाईक थांबलेलं असलं तरी हे मोबाईल उचलून आधी पाठीचं सांगत.

बाई सेवानिवृत्त होणार असं त्यांनीच सांगितलं. “चहा आहे, बाकी काही नाही. यायचंच असलं तं या.” दवाखान्यानं मागच्या व्हरांड्यात थोड्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या खुर्च्या उचलून भिंतीशी ठेवाव्या लागल्या, कारण जीपमागून जीप येत होती आणि प्रत्येकीतून माणूस स्वतःची चाकाची खुर्ची घेऊन उतरत होता. कुणी पुसदकडचा, कुणी महागावकडचा. कुणी विहिरीत पडलेला, कुणी झाडावरून, कुणी बैलानं फेकलेला. आम्ही सगळे एकमेकांकडे बघतच राहिलो. आपल्यासारखी एवढी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाई दारात आल्या आणि गोंधळल्या. चेहरे त्यांच्या ओळखीचे नव्हते. कित्येकांना त्यांनी एकदाच पाहिलेलं, कित्येकांना कधीच नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “बोला. एकेकानं बोला.”

एकानं नुसतं “नमस्कार बाई” म्हटलं. बाई म्हणाल्या, “टाच! अरुण. भरली काय टाच?” दुसरा हसला, तर त्याचंही नाव सांगितलं. आमचे हे मुद्दाम काही बोलले नाहीत. बाई समोर आल्या, थांबल्या, वाट पाहिली. शेवटी यांनाच राहवेना. “काय जेवल्या?” असं यांनी विचारताच बाईंनी यांच्या खांद्यावर एक चापट मारली.

सगळ्यांत मागे एक बाई उभी होती. तिच्यासोबत खुर्ची नव्हती, कुणी माणूसही नव्हतं. हिरवं लुगडं, हातात पिशवी. सिस्टर तिच्यापाशी आल्या तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “मी गजाननची माय.”

सिस्टरांनी डोळे उघडले. मग त्या माउलीनं आम्हा सगळ्यांकडे वळून सांगितलं, “माया पोरगा गेला. पाठीच्या जखमेनं गेला. आमी ऐकलं नाही, उशीर केला. तो गेला तरी या बाई सोमवारी फोन करत. वर्षभर. त्यायचं काम नव्हतं ते. मले पुसत, माय, आज जेवली काय. एखाद्या दिवशी मी त्यायच्याचसाठी चुलीवर भाकर टाको. खोटं सांगता येत नव्हतं ना.”

“ते काय इथी सांगाचं आहे काय,” सिस्टर रागावून म्हणाल्या. पण त्यांचा तो खणखणीत आवाज फुटला. माउलीनं पिशवीतून कापडात बांधलेली भाकर आणि ठेचा काढला. बाई तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर जेवल्या. चहा तसाच थंड झाला.

परत येताना जीपमध्ये हे बराच वेळ बाहेर बघत होते. अंधार पडायच्या आधीचं ऊन कपाशीवर होतं. मग म्हणाले, “इतके वर्ष मले वाटे, देवानं माया एकट्यावरच हे आणलं.” त्यांच्या मोबाईलमध्ये त्या दिवशी बरेच नंबर आले होते. गजाननच्या आईचाही.

बाई पुसदला भावाकडे राहायला गेल्या. तिथेच काही वर्षांनी त्या वारल्या. झोपेतच गेल्या असं भावानं कळवलं. त्याआधीच्या थंडीत आम्ही एकदा त्यांना भेटून आलो होतो. त्या खूप वाळल्या होत्या. स्वेटर तोच, पण अंगावर लोंबत होता. अंगणात शेवग्याखाली खाट टाकलेली. यांची खुर्ची त्यांनी आपल्या शेजारी घ्यायला लावली. मी मनाशी उत्तरं तयार ठेवली होती, पाठ, नळी, ताप, माझी कंबर. बाईंनी काही विचारलं नाही. भावजयीनं ताक आणून दिलं ते प्यायलो. शेवग्याच्या शेंगा तोडायला आलेली पोरं गलका करत होती, ती निघून गेली. हे आणि बाई शेजारी शेजारी बसून रस्त्याकडे पाहत होते.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, “बाई, आज काहीच विचारलं नाही?”

“दिसून राह्यलं ना मले,” त्या म्हणाल्या आणि यांच्या हातावर हात ठेवून पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.